आठ बाय सहा

४ फेब्रुवारी

भिंगरी,

सात महिन्यांनी पत्र आलं आणि त्यातलं पहिलं वाक्य काय, तर "ताई, अडीच सीसीच्या इंजिनाला कोणता प्रॉपेलर लावू?" बरी आहेस का, गुडघा कसा आहे, एकटीला करमतं का, काही नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. म्हटलं, आत आणखी एखादा कागद अडकला असेल. नव्हता.

तरी बरं, विचारलंस. म्हणजे तुझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईंना न येणाऱ्या काही गोष्टी जगात अजून शिल्लक आहेत.

दोन पानांच्या पत्रात "सिस्टर" हा शब्द अकरा वेळा आलाय. दिवसभर चष्म्याच्या काचा घासणाऱ्या बाईला मोजायची सवय असते, त्याला इलाज नाही. सिस्टरने स्पर्धेचं छोटं मॉडेल विमान धरलं, सिस्टरने पंखाची फट भरली, सिस्टर ड्यूटीवरून आली की आम्ही दोघी मिळून इंजिन पुसतो. दवाखान्यात नर्सला सगळेच सिस्टर म्हणतात, हे मलाही कळतं. पण सख्खी बहीण इथे जिवंत असताना तो शब्द परक्या बाईसाठी अकरा वेळा वाचायचा म्हणजे नाकाला मिरच्या झोंबणारच. झोंबल्या. खोटं कशाला बोलू?

जुलैत तू बॅग भरत होतीस तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले होते, "जा खुशाल. तुझं विमान धरायला कोण मिळतं तेच बघते." महिन्याभरात मिळालं म्हणे. मी मात्र अजून दारातच उभी आहे असं कधीकधी वाटतं.

विचारलंसच आहे तर सांगते. सिस्टरलाही वाचून दाखव, म्हणजे हे काम इंजेक्शन टोचण्याइतकं सोपं नाही हे तिला कळेल. प्रॉपेलरवर दोन आकडे असतात. पहिला लांबीचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत किती इंच. दुसरा चालीचा. स्क्रू लाकडात शिरतो ना, तसा प्रॉपेलर एका फेऱ्यात हवेत किती इंच पुढे सरकेल तो आकडा. लांबी वाढवली तर इंजिनावर ओझं, चाल वाढवली तरी ओझं. ओझं जास्त झालं तर इंजिन धापा टाकतं. फार कमी झालं तर बेभान होतं आणि आपलीच हाडं मोडून घेतं. बाबांच्या इंजिनाला आठ बाय सहा. लाकडी नको, तो करड्या नायलॉनचा लाव. टेबलावर बांधून मीटर धरलंस की मिनिटाला बारा हजार सहाशे फेरे दिसले पाहिजेत. माझ्या वहीत लिहिलंय. हवेत गेल्यावर तो आकडा आणखी थोडा चढतो, त्याची काळजी करायची नाही.

तो एक आकडा काढायला मला तीन उन्हाळे लागले होते. तू मैदानाच्या मधोमध विमानाच्या तारा धरून गोल गोल फिरायचीस, टाळ्या तुला, कप तुला. मी कडेला, कोपरापर्यंत तेलात. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

वाटायचं. पण ते घरातल्या घरात होतं.

ताई

१५ फेब्रुवारी

भिंगरी,

आठ बाय सहा लावला आणि मीटर आठ हजार चारशेच दाखवतंय, इंजिन म्हातारं झालं का, असं विचारतेस. पत्र मी दुकानातच उघडलं. चष्मेवाले काका म्हणाले, "काय हो, एकट्याच काय हसताय?" हसत होते का मी? असेन.

मीटर तेच ना, निळं, मुठीत मावणारं? प्रॉपेलरसमोर धरायचं ते? जाताना मीच रागाने तुझ्या बॅगेत कोंबलं होतं. बाबांचं इंजिन नेतेस तर हेही ने म्हटलं. म्हणजे तेच असणार. दुसरं कुठून आणशील!

आता इतक्या लांबून मी काय सांगू? उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत. इंजिन मात्र म्हातारं झालेलं नाही. बाबांनी बारा तास हळूहळू फिरवून मुरवलेलं इंजिन आहे ते, तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त टिकेल. इंधनाची सुई कोण फिरवतं तुमच्याकडे? सिस्टर का? मग घोडं तिथेच पेंड खात असेल. सलाइनची धार कमीजास्त करणं वेगळं आणि ही सुई वेगळी. तिला म्हणावं, कर प्रयत्न. जमेल तिला. सगळंच जमतं.

तिने तुझे केस कापले, आणि "ताई, कानामागे अगदी सरळ आलेत" असंही लिहिलंस. इयत्ता पहिलीपासून तुझे केस मी कापत आले. कानामागे कधी सरळ आले नाहीत, कारण तू कधी मिनिटभर गप्प बसली नाहीस. तुझं नाव भिंगरी कुणी आणि का ठेवलं, हे विसरू नकोस. आता तिच्यासमोर गप्प बसायला लागलीस वाटतं.

गुडघा बरा आहे. विचारला नव्हतास, तरी सांगितलं.

ताई

२६ फेब्रुवारी

भिंगरी,

तक्ता मिळाला. सिस्टरने काढलाय हे सांगायची गरज नव्हती. तापाच्या तक्त्यासारखाच आहे, निळ्या शाईच्या रेघा, लाल ठिपके. आठ बाय सहाला आठ हजार चारशे, आठ बाय चारला नऊ हजार सहाशे, सात बाय चारला अकरा हजार सहाशे. अक्षर सुंदर आहे बाईचं. माझ्या वहीत तेलाचे डाग आहेत आणि तीन ठिकाणी नखं पुसलेली आहेत. चालायचंच.

प्रॉपेलर लहान केला की आकडा चढतो हे तुमच्या लक्षात आलं, म्हणून आता आणखी लहान आणणार आहात. बरं. वहीतला आकडा गाठेपर्यंत लहान करत जायचं, असं तुमचं दोघींचं ठरलंय म्हणतेस. दोघींचं ठरलंय तर तिसरीने मध्ये कशाला बोलायचं?

एक विचारायचं होतं. मीटरच्या डाव्या अंगाला

जाऊ दे. काही नाही.

नवा पंख अजून वाळतोय, म्हणजे उडवून बघता येत नाही, सगळी परीक्षा टेबलावरच. अकरा मार्चला शनिवारी पहिलं उड्डाण, रविवारी स्पर्धा. पहिल्या तिघांत आलीस तर संघात. एवढी वर्षं या एका मोठ्या स्पर्धेत आपण चौथ्या-पाचव्या आलो. (आपण म्हटलं, सवयीने.) या वर्षी आलीस तर कप कुणाच्या हातात देशील, हे मी विचारत नाही. मला ठाऊक आहे आणि माझ्या पोटात दुखतं. तुला एवढी मोठी झाल्यावर हे सांगायची लाज वाटते, पण दुखतं.

काका विचारत होते, बहीण कशी आहे. मी म्हटलं, मजेत.

ताई

१० मार्च, शुक्रवार, दुपार

भिंगरी,

तुझं पत्र आत्ता, जेवणाच्या सुट्टीत आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी खूश झाले की डबा तसाच राहिला. तू लिहिलंस, "ताई, सात बाय तीन लावला आणि मीटरवर बरोब्बर बारा हजार सहाशे! सिस्टर म्हणते आवाज फार चिरका येतो, काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, ताईच्या वहीत आहे म्हणजे आहे. ताई चुकत नाही."

तिचं ऐकलं नाहीस. माझ्या वहीचं ऐकलंस. सात महिन्यांत मला इतकं बरं कशानेच वाटलं नव्हतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्या आकड्याचे दीडपट करून बघितले.

ऐक. ते मीटर पात्यांमधून येणारा उजेड किती वेळा तुटतो ते मोजतं. प्रॉपेलरला पाती दोन आहेत की तीन, हे त्याला आपण सांगायचं असतं. डाव्या अंगाला एक बारीक बटण आहे, वर तीन, खाली दोन. त्यावरचे आकडे माझ्या अंगठ्याने कधीच पुसले गेलेत. तू जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी तीन पात्यांचा एक प्रॉपेलर तुझ्यासाठी बनवून बघत होते, वाढदिवसाला द्यायला. मग भांडण झालं. बटण वर ते वरच राहिलं आणि मीटर तसंच बॅगेत गेलं. तेवढं मुद्दाम केलं नव्हतं, शपथ.

बटण वर असताना दोन पात्यांचा प्रॉपेलर फिरवला तर मीटर खऱ्याच्या दोन तृतीयांश आकडा दाखवतं. तू आठ हजार चारशे लिहिलेस, त्याचे दीडपट कर. बारा हजार सहाशे. इंजिन पहिल्या दिवशीच ठणठणीत होतं, प्रॉपेलरही बरोबर होता. काखेत कळसा होता आणि तुम्ही दोघी गावाला वळसा घालत होतात.

आणि मला माहीत होतं. आठ हजार चारशे वाचलं त्या क्षणी कळलं. म्हणून हसत होते. मला वाटलं, सिस्टरला सुई फिरवू दे, तक्ते काढू दे, थकू दे, आणि शेवटी तू म्हणशील, हिला काही येत नाही, माझी ताईच बरी. एवढंच हवं होतं. तू माझ्यावर इतका विश्वास ठेवशील हे माझ्या हिशेबात नव्हतं.

आज मीटर बारा हजार सहाशे म्हणतंय, म्हणजे खरे अठरा हजार नऊशे. जमिनीवर! हवेत ते वीस हजारांच्या पुढे जाईल. बाबांचं इंजिन तेवढ्यासाठी बनलेलंच नाही, दांडा मोडेल. आणि त्याआधी पातं उडालं तर? उद्या सकाळी उड्डाणाआधी टेबलावर पुन्हा बघणार आहात. मीटर सिस्टर धरते, चेहरा हातभर अंतरावर. इथपर्यंत लिहिताना मला इंजिनाची काळजी आधी आली आणि तिच्या तोंडाची नंतर, हेही लिहून ठेवते.

पत्राला चार दिवस लागतात. हे लिहीत काय बसलेय मी! तुझ्या घरमालकाकडे फोन नाही, तू कामाला जातेस त्या कारखान्यात तुला फोनवर बोलावत नाहीत. दवाखान्याचा नंबर तू पहिल्या पत्राच्या मागे "अडीनडीला" म्हणून लिहिला होतास. मेले तरी तिकडे फोन करणार नाही असं मी काकांना सांगितलं होतं.

उठते.

१८ मार्च

भिंगरी,

वरचं अर्धं पत्र सोबत जोडलंय. ते आधी वाच, मग हे.

तू दुसरी आलीस! काकांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, चष्म्याचा नंबर विचारायच्या आधी. संघात गेलीस. बाबा असते तर इंजिन हातात घेऊन बसले असते, तुला शाबासकी द्यायला विसरले असते.

आणि तू पानभर माझे गोडवे गायलेस. "इतक्या लांबून, नुसत्या आकड्यांवरून ओळखलंस ताई! सिस्टर म्हणाली, ताईंना एकदम लक्षात आलं आणि त्यांनी लगेच फोन केला." ते वाक्य वाचून मी पत्र काचांच्या खोक्याखाली सरकवून ठेवलं. दोन दिवस काढलंच नाही.

फोनवर काय झालं ते माझ्याकडून ऐक.

मी म्हटलं, "सिस्टर आहेत का?" पलीकडचा माणूस म्हणाला, "कुठल्या सिस्टर? इथे सहा आहेत." आता आली का पंचाईत! पाच आठवडे जिच्यावर जळले तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "त्या विमानवाल्या." तो म्हणाला, "मग असं सांगा ना!"

ती आली. मी म्हटलं, भिंगरीची ताई बोलतेय.

"अगंबाई, ताई! घरी सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. उद्या इंजिन चालू करू नका."

"थांबा हं, कागद घेते."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मग डॉक्टरांनी सांगितलेलं औषध वाचून दाखवावं तसं तिने सगळं परत वाचून दाखवलं. "मीटरच्या डाव्या अंगाचं बटण खाली. आठ बाय सहा लावायचा. बारा हजार सहाशे दिसले तर ठीक. सात बाय तीन मोडून टाकायचा, पुन्हा वापरायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मला आवाज खटकतच होता हो," ती म्हणाली. "पण तिचं एकच, ताईच्या वहीत आहे. उठता बसता ताई असं करायची, ताई तसं करायची. तुमच्या वहीपुढे माझं काय चालणार?"

भिंगरी, तिच्या आवाजात ते होतं. मी बरोबर ओळखलं, घरातलंच माणूस आहे ते माझ्या. ती माझ्यावर जळते! तू तिथे बसून माझं नाव घेत होतीस आणि पत्रात तिचं लिहीत होतीस. मला इतकं गोड वाटलं की फोन कशासाठी केलाय ते क्षणभर विसरले.

मग तिने विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं, ताई?"

खोटं बोलायला जागा होती. "आत्ताच" म्हटलं असतं तर संपलं होतं. पण तिने माझं सांगणं इतकं नीट लिहून घेतलं होतं की जीभ वळेना. मी म्हटलं, "पहिल्याच आकड्याला. महिना होत आला."

तिच्या मागे चाकांची गाडी खडखडत गेली.

"हे मी लिहून घेत नाही," ती म्हणाली. "उद्याचं उड्डाण झालं की कळवायला सांगते तिला." आणि फोन ठेवला.

म्हणजे तिने मला झाकलं. जिचा चेहरा त्या प्रॉपेलरसमोर होता, तिने. माझ्याच्याने तिला "सांभाळा" एवढंही म्हणवलं नाही. तिचे हात, डोळे ठीक आहेत ना? तुझ्या पत्रात तिचा उल्लेख या वेळी एकदाच आहे, म्हणून विचारते. मुद्दाम कमी केलास का माझ्यासाठी?

आता गप्प बसले तर सगळं गोडीगुलाबीत आहे. तू मला सुट्टीत ये म्हणतेस, एप्रिलमधल्या स्पर्धेत विमान मी धरावं आणि सिस्टरने मीटर बघावं म्हणतेस. मी आले असते, तिने मला चहा दिला असता आणि तुझ्यादेखत अक्षरही काढलं नसतं. तशी दिसतेच ती बाई. आणि मग तू आमच्या दोघींच्या मध्ये हसत बसली असतीस, आणि तुझ्या ताईची एक गोष्ट तिला माहीत, तुला माहीत नाही. तिचं आणि माझं गुपित, तुझ्या पाठीमागे. हे मला सहन व्हायचं नाही. तुझं जे काही आहे त्यात ती माझ्यापुढे एक पाऊल, आणि इथेही तीच पुढे? माझी लाज राखायचा मानही तिलाच?

लोक पश्चात्तापाने कबूल करतात म्हणे. पश्चात्ताप आहे, रात्रंदिवस आहे, पण त्याने मी पेन उचललं असतं असं वाटत नाही. मी जळून कबूल करतेय. मला माफ करायचं की नाही हे तिने परस्पर ठरवून टाकलं. तो हक्क तुझा आहे, तिचा नाही.

एप्रिलचं आमंत्रण हे वाचल्यावर मागे घ्यावंसं वाटलं तर घे. मी तुझ्या जागी असते तर घेतलं असतं, आणि वर चार शब्द सुनावले असते. तूही सुनाव. वाटेल ते लिही, महिनाभर लिही. फक्त तुझ्या हाताने लिही, भिंगरी. तिच्याकडून निरोप पाठवू नकोस.

ताई